फवारणीचा ब्लोअर नेमका कुठल्या ओळीत आहे? रेडिओ सिग्नलच्या वेळेवरून अंतर मोजायचं आहे, मदत हवी

बागवान_दिंडोरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. अर्धी वाय पद्धतीची (वेली इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर), अर्धी मांडवाची, लागवड ९ बाय ५ फुटांवर. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डावणीची (बुरशीच्या रोगाची) फवारणी रात्रीच उरकावी लागते. मग सकाळी कळतं की एखादी ओळ सुटली आणि शेजारच्या ओळीवर दोनदा औषध पडलं. सुटलेल्या ओळीत डावणी, दुबार झालेल्या ओळीत रेसिड्यूची, म्हणजे द्राक्षात औषधाचा अंश उरण्याची, धास्ती. ट्रॅक्टरवाल्याला विचारावं तर तो शपथेवर सांगतो, सगळ्या ओळी झाल्या.

म्हणून ब्लोअर कोणत्या ओळीत फिरला याची आपोआप नोंद हवी आहे. साधं जीपीएस मॉड्यूल लावून पाहिलं. ते उघड्यावरही तीन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि माझ्या दोन ओळींत अंतर आहे पावणेतीन मीटर. मांडवाखाली तर विचारूच नका. सिग्नल किती जोरात येतो त्यावरून अंतर काढायचाही प्रयत्न केला, पण पानं ओली झाली की सगळे आकडे बदलतात.

आता वेळेवरून अंतर काढतोय. दोन ईएसपी३२ बोर्ड (छोटे प्रोसेसर), दोन्हींवर ८६५ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल (लांबवर छोटे निरोप पाठवणारा रेडिओ). पंपहाऊसवरचा बोर्ड पॅकेट पाठवतो, ट्रॅक्टरवरचा लगेच परत पाठवतो, मी मधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजतो, थांब्याचा ठरलेला वेळ वजा करतो आणि उरलेल्याला प्रकाशाच्या वेगाने गुणून निम्मं करतो. उत्तर कधी दोन किलोमीटर, कधी उणे आठशे मीटर. ट्रॅक्टर समोर तीस मीटरवर उभा आहे!

यात काही राम आहे का? की नादच सोडू?

---

सर्किट_सातपूर

नाद सोडू नका, पण मायक्रोसेकंद सोडा. :)

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तुमचा ट्रॅक्टर ३० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन येऊन ६०. याला लागतात २०० नॅनोसेकंद, एका मायक्रोसेकंदाचा पाचवा भाग. तुमच्या घड्याळाचा काटा एक घर सरकायच्या आत लहर जाऊन परत आलेली असते. त्या काट्याचं एक घर म्हणजे अंतरात १५० मीटर. दोन ओळींमधला फरक धरायचा तर एका फेरीत १८ नॅनोसेकंदांचा फरक कळायला हवा.

आणि हा झाला फक्त घड्याळाच्या बारकाव्याचा प्रश्न. खरा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. पॅकेट पूर्ण आलं की लोरा चिप एक पिन वर करते, प्रोसेसर हातातलं काम टाकून त्या इशाऱ्याकडे (इंटरप्ट) वळतो, मग तुमच्या कोडची ओळ चालते. यात कधी दोन मायक्रोसेकंद जातात, कधी दहा, आणि मध्येच वायफायचं काही निघालं तर किती ते देव जाणे. शिवाय एसएफ ७ (लोराची वेगाची सेटिंग) आणि १२५ किलोहर्ट्झला लोराचं एक सिम्बॉलच (निरोपाचा एक तुकडाच) १.०२४ मिलीसेकंदाचं असतं. ती चिप निरोप पोचवायला केलेली आहे. निरोप नक्की कधी पोचला, हे तिला कुणी विचारलेलंच नाही.

---

बागवान_दिंडोरी

समजलं. पण खूप वेळा मोजून सरासरी काढली तर? चूक दोन्हीकडची असेल तर कटून जाईल ना?

---

सर्किट_सातपूर

कटते, पण वर्गमुळाच्या चालीने. हिशेब करून बघा. एका मोजणीत ५ मायक्रोसेकंदांची डळमळ धरली तर अंतरात ती ७५० मीटर. ती एक मीटरवर आणायला ७५० चा वर्ग, म्हणजे साडेपाच लाखांवर मोजण्या लागतील. तुमच्या सेटिंगला एक पॅकेट साधारण ४० मिलीसेकंद, जाऊन येऊन ८०. एकूण झाले साडेबारा तास, आणि तोवर ट्रॅक्टर एका जागी उभा. डावणी थांबेल का तेवढी?

बरं, सरासरीने फक्त डळमळ जाते. कायमची चूक जिथल्या तिथे राहते. दोन्ही बोर्डांचे क्रिस्टल थोडे वेगवेगळ्या गतीने चालतात, ती चूक दोन कोटी मोजण्यांनीही हलणार नाही.

---

ओझरकर_काका

धागा आवडला. विमानांच्या रेडिओ उपकरणांवर हयात गेली, म्हणून थोडं लिहितो.

तुम्ही जे करू पाहताय ते विमानात दशकानुदशकं चालू आहे. त्याला डीएमई म्हणतात. विमान दोन पल्स पाठवतं, जमिनीवरचं केंद्र ते ओळखतं, बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि ६३ मेगाहर्ट्झ बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देतं. विमान एकूण वेळेतून ५० वजा करतं. उरलेल्या दर १२.३६ मायक्रोसेकंदांना एक नॉटिकल मैल. झालं अंतर.

बागवानसाहेब, तुमची रचना हुबेहूब हीच आहे. फरक त्या ५० मध्ये आहे. तिथले ५० म्हणजे ५०च. केंद्र दुसऱ्या कामात आहे म्हणून ५३ आणि रिकामं आहे म्हणून ४९, असं चालत नाही. तो थांबा सर्किटमध्ये बांधलेला असतो आणि सतत तपासला जातो. तुमच्या ट्रॅक्टरवरचा बोर्ड 'लगेच' परत पाठवतो म्हणालात, त्या 'लगेच'चीच किंमत दोन किलोमीटर आहे.

दुसरी गोष्ट, पल्स 'आली' असं कधी म्हणायचं? पल्स काही भिंतीसारखी उभी नसते, चढावर चढत येते. डीएमईच्या पल्सला चढायला अडीच मायक्रोसेकंद लागतात. तुम्ही ठरावीक व्होल्टची रेघ मारून 'इथे ओलांडली की आली' असं धरलंत, तर जोरदार सिग्नल ती रेघ लवकर ओलांडेल आणि अशक्त सिग्नल उशिरा. म्हणजे लांबचा आणखी लांब दिसेल. म्हणून पल्सच्या स्वतःच्या उंचीच्या निम्म्यावर ती कधी पोचली ते मोजतात. पल्स मोठी असो की छोटी, निम्मा टप्पा साधारण त्याच वेळी येतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कुठलीही चिप घेतलीत तरी हे भूत भेटणारच.

---

गोदाकाठ

काका, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

अवांतर: मोबाइलच्या टॉवरलाही आपलं अंतर असंच कळतं का?

---

सर्किट_सातपूर

@गोदाकाठ, कळतं, पण ढोबळ. फोनचं बोलणं टॉवरवर ठरलेल्या वेळीच पोचावं म्हणून टॉवर फोनला 'तू इतकं आधी बोलायला लाग' असं सांगतो. त्याला टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. जीएसएममध्ये त्याची एक पायरी सुमारे ५५० मीटरची आणि पायऱ्या ० ते ६३. म्हणून जीएसएमचा पल्ला साधारण ३५ किलोमीटरवर संपतो, सिग्नल कितीही चांगला असला तरी. एलटीईमध्ये पायरी ७८ मीटरच्या आसपास. बागेतल्या ओळींसाठी दोन्ही बिनकामाच्या.

---

रोखठोक

इतकं डोकं कशाला खाजवायचं? प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक आरएफआयडी टॅग ठोका, ट्रॅक्टरवर रीडर लावा. ओळीत शिरला की नोंद. नाहीतर आरटीके जीपीएस (जवळच्या दुसऱ्या रिसीव्हरवरून चूक दुरुस्त करणारं) घ्या, सेंटीमीटरात उत्तर मिळतं. नॅनोसेकंदांच्या मागे लागून छाटणी निघून जाईल.

---

बागवान_दिंडोरी

@रोखठोक, वायच्या भागात आरटीके चालेल हे मान्य. पण मांडवात डोक्यावर पानांचं छप्पर असतं, आकाश दिसतच नाही. टॅगचंही मनात होतं. त्यातून ट्रॅक्टर ओळीत शिरला एवढं कळेल. अर्ध्या ओळीत टाकी संपली, भरून आला आणि पुढच्या ओळीत घुसला, हे नाही कळणार. आमच्याकडे नेमकं हेच होतं.

---

लहरी

आता मूळ मुद्द्यावर येऊ. वरच्या चर्चेतून असं वाटेल की घड्याळ वेगवान केलं की काम झालं. समजा तुम्ही ईएसपी३२ च्या २४० मेगाहर्ट्झच्या घड्याळाने मोजलं. एक टिक ४ नॅनोसेकंदांची, म्हणजे एकेरी सव्वा मीटर. चांगलं वाटतं. तरीही लोराच्या सिग्नलवर उपयोग नाही, कारण मोजण्यासारखी धारदार कडाच त्या सिग्नलला नाही.

सिग्नल किती वेगाने बदलू शकतो हे त्याच्या बँडविड्थवर, म्हणजे तो फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा व्यापतो त्यावर, ठरतं. १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल बदलायला ८ मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ घेतो. तेवढ्यात लहर २.४ किलोमीटर गेलेली असते. २० मेगाहर्ट्झच्या वायफायला हेच अंतर १५ मीटर. ५०० मेगाहर्ट्झच्या अल्ट्रा वाइडबँडला ६० सेंटीमीटर. तुमची ओळ पावणेतीन मीटरची. यातलं कोणतं चालेल ते दिसतंच आहे.

---

शंकासुर

थांबा, थांबा. हे पटत नाही. जीपीएसच्या सिव्हिलियन कोडचा वेग सेकंदाला १०.२३ लाख चिप्स (इथे चिप म्हणजे कोडचा एक तुकडा). एक चिप म्हणजे सुमारे २९३ मीटर. तुमच्या नियमाने जीपीएसची चूक तीनशे मीटर हवी. पण बागवानांना तर तीन-चार मीटरच मिळते आहे. मग बँडविड्थच सगळं ठरवते कसं?

---

लहरी

@शंकासुर, प्रश्न चोख आहे. माझ्या वरच्या प्रतिसादात अर्धीच गोष्ट आली होती.

जीपीएस रिसीव्हर कडा शोधत बसत नाही. त्याला येणारा कोड तोंडपाठ असतो. तो स्वतःची प्रत पुढेमागे सरकवून आलेल्या सिग्नलशी जुळवतो. जुळलं की आकडा वर चढतो, सरकलं की उतरतो, म्हणजे एक त्रिकोणी शिखर तयार होतं. ते शिखर दोन्हीकडे २९३ मीटर पसरलेलं असलं, तरी त्याचा माथा कुठे आहे हे त्याच्या शंभराव्या भागापर्यंत सांगता येतं, कारण दोन्ही उतार सारखे असतात. सिग्नल गोंगाटाखाली गाडलेला असूनही हे जमतं, कारण रिसीव्हर बराच वेळ ऐकून बेरीज करत राहतो.

आता अडचण. माथा शोधणं तेव्हाच सोपं जेव्हा शिखर एकच असतं. सिग्नल सरळ आला, शिवाय लोखंडी अँगलवर आपटून चार मीटर जास्त फिरून आला, तर दोन शिखरं एकमेकांवर बसतात. बँडविड्थ कमी असेल तर दोन्ही मिळून एकच बेढब टेकाड होतं आणि माथा सरकतो. बँडविड्थ जास्त असेल तर दोन शिखरं सुटी दिसतात आणि पहिलं कोणतं ते निवडता येतं. म्हणजे बारकावा सिग्नलच्या ताकदीने आणि सरासरीनेही मिळवता येतो. परावर्तनातून सुटका मात्र रुंद बँडविड्थनेच होते. आकाशाकडे बघणाऱ्या जीपीएसला परावर्तनं कमी सोसावी लागतात. बागवानांच्या बागेत तारा, अँगल आणि ओली पानं, सगळीकडे आरसेच आरसे.

स्वस्तात हात साफ करायचा असेल तर ईएसपी३२-एस३ किंवा सी३ घ्या. त्यांत वायफायचं फाइन टायमिंग मेजरमेंट आहे, जुन्या ईएसपी३२ मध्ये नाही. पॅकेटची वेळ तिथे रेडिओच्या हार्डवेअरमध्येच टिपली जाते, तुमच्या कोडपर्यंत यायच्या आधी. उघड्यावर एक-दोन मीटरपर्यंत उत्तर येतं. शिकायला उत्तम. ओळ ओळखायला अपुरं.

---

शंकासुर

पटलं. शंका मागे घेतली. दुसरी काढतो. :)

---

देवळालीकर

देवळाली कॅम्पला राहतो, तोफखान्याच्या स्कूलचे आवाज लहानपणापासून ऐकतोय, त्यावरून एक आठवलं. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅगने शत्रूच्या तोफा शोधायला मायक्रोफोनांची रांग वापरली होती. तोफेला काही 'उत्तर दे' म्हणता येत नाही. आवाज कोणत्या मायक्रोफोनला आधी आला, कोणत्याला किती मागून, एवढ्यावरून जागा काढायची. तसं इथे नाही का करता येणार? ट्रॅक्टरने फक्त ओरडायचं, कोपऱ्यांतल्या रिसीव्हरांनी ऐकायचं. परत उत्तर पाठवायची भानगडच नको.

---

लहरी

@देवळालीकर, येतं, आणि मोठ्या गोदामांत तसंच करतात. पण मग सगळ्या रिसीव्हरांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. आवाजाला हे सोपं जातं, एका मिलीसेकंदात तो ३४ सेंटीमीटरच जातो. रेडिओ तेवढंच अंतर साधारण एका नॅनोसेकंदात जातो, दहा लाख पट वेगाने. म्हणजे घड्याळंही दहा लाख पट काटेकोर जुळायला हवीत.

जीपीएस मॉड्यूलच्या दर सेकंदाच्या पल्सवरून जुळवू म्हणाल तर हौशी मॉड्यूलच्या पल्सची चूक ३० नॅनोसेकंदांच्या आसपास धरतात. तिथेच ९ मीटर गेले. केबल टाकून जुळवता येईल, पण बागेत केबल म्हणजे उंदीर आणि कुदळ. दोघांनी बोलायची पद्धत एवढ्यासाठीच बरी, तिथे घड्याळं जुळवावीच लागत नाहीत. दोघांनी आपापल्या घड्याळाने आपापला वेळ मोजायचा आणि वजाबाकी करायची.

---

सर्किट_सातपूर

तर बागवान, डीडब्ल्यू१००० किंवा डीडब्ल्यू३००० चिपचे मॉड्यूल घ्या. हे अल्ट्रा वाइडबँडवाले. घेण्याआधी आपल्याकडे कोणत्या चॅनलवर किती पॉवरची परवानगी आहे तेवढं तपासून घ्या.

डीडब्ल्यू१००० चं आतलं घड्याळ १५.६५ पिकोसेकंदांच्या पायऱ्यांत वेळ देतं, अंतरात ४.७ मिलिमीटर. पण त्या आकड्याला भुलू नका. प्रत्यक्षात १० सेंटीमीटरच्या आसपास मिळालं तरी उत्तम. वेळ ४० बिटांत येते आणि दर १७ सेकंदांनी शून्यावर जाते, तेव्हा वजाबाकी करताना ते सांभाळा.

आता क्रिस्टलची गोष्ट. एक फेरी केली (तू बोल, मी उत्तर देतो, संपलं) तर ट्रॅक्टरवरचा बोर्ड उत्तर द्यायला जेवढा थांबतो तेवढ्या वेळात दोन घड्याळांतला फरक साठतो. २० पीपीएमचा (दहा लाखांत २०) फरक आणि ३०० मायक्रोसेकंदांचा थांबा धरा. चूक ३ नॅनोसेकंद, ९० सेंटीमीटर. जास्त पल्ल्याच्या लोभाने ११० केबीपीएसच्या कमी वेगावर गेलात तर पॅकेट लांबतं, थांबा तीन मिलीसेकंदांवर जातो आणि चूक ९ मीटरवर. म्हणून दुहेरी फेरी करायची: मी बोलतो, तू उत्तर देतोस, मी पुन्हा बोलतो. दोघांकडे एक-एक फेरीचा वेळ आणि एक-एक थांब्याचा वेळ जमतो. मग

(फेरी१ × फेरी२ − थांबा१ × थांबा२) ÷ (चौघांची बेरीज)

हे एकेरी प्रवासाचा वेळ देतं. दोन्ही घड्याळांची चूक यात जवळजवळ पूर्ण कटते. गंमत म्हणजे थांबे सारखे नसले तरी चालतं. काकांच्या ५० मायक्रोसेकंदांची शिस्त इथे लागत नाही, थांबा किती झाला हे नीट मोजलेलं असलं की पुरे.

---

शंकासुर

दुसरी शंका: निफाडला हिवाळ्यात पारा पार खाली जातो आणि दुपारी ऊन चटकतं. क्रिस्टल तापमानाने सरकणार, त्याचं काय?

---

सर्किट_सातपूर

दुहेरी फेरीत तोही फरक पडत नाही, कारण ट्रॅक्टरचा बोर्ड तापायला मिनिटं लागतात आणि आपलं तीन पॅकेटांचं बोलणं काही मिलीसेकंदांत संपतं. एकेरी फेरीच करायची असेल तर डीडब्ल्यू१००० समोरच्याची कॅरियर फ्रिक्वेन्सी आपल्यापेक्षा किती सरकली आहे ते सांगतं. त्यावरून पीपीएम काढून दुरुस्ती करा. बॅटरी वाचते.

---

बागवान_दिंडोरी

मॉड्यूल आले. उदाहरणातला कोड टाकला, दुहेरी फेरी चालू आहे. आकडे आता स्थिर आहेत, दहा-पंधरा सेंटीमीटरच्या आत हलतात. फक्त १० मीटरवर ठेवलं तर १६४ दाखवतंय, २० वर १७४. मॉड्यूल खराब निघाले की काय?

---

ओझरकर_काका

खराब नाहीत, उलट फार चांगले आहेत. फरक बरोबर १० मीटरचा दाखवतायत की. वरचे १५४ मीटर हे तुमच्या बोर्डांच्या आतलं अंतर आहे.

चिप वेळ टिपते ती आत, डिजिटल भागात. तिथून सिग्नलला अँटेनापर्यंत जायचं असतं, आणि येताना उलटं. डीडब्ल्यू१००० मध्ये एका बाजूचा हा उशीर सुमारे २५७ नॅनोसेकंद, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मिळून ५१४ च्या आसपास. गुणा प्रकाशाच्या वेगाने. कोडमध्ये अँटेना डिले शून्य राहिला असणार. मोकळ्या जागी पट्टीने मोजलेल्या अंतरावर दोन्ही बोर्ड ठेवा आणि उत्तर बरोबर येईपर्यंत तो आकडा वाढवा. प्रत्येक बोर्डाचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला चालेल असं समजू नका, एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटीमीटर गेले. आणि अँटेना केबलने लांब नेणार असाल तर साध्या कोॲक्सला मीटरमागे ५ नॅनोसेकंद धरा, म्हणजे दर मीटर केबलला दीड मीटर अंतर वाढेल. केबल बदलली की कॅलिब्रेशन नव्याने.

मी मागे म्हटलेलं भूतही इथे आहे. जोरदार सिग्नल आणि अशक्त सिग्नल यांत या चिपचं उत्तर थोडं सरकतं. म्हणून कॅलिब्रेशन दोन मीटरवर टेबलावर करू नका. बागेत जेवढं अंतर पडणार आहे, त्याच्या जवळपास करा.

---

रोखठोक

काकांसाठी टाळ्या. मी अजून आरएफआयडीच म्हणतो, पण धागा वाचतोय.

---

बागवान_दिंडोरी

कॅलिब्रेशन झालं. रस्त्यावर ५० मीटरपर्यंत पट्टीशी जुळतंय. वायच्या भागात दोन अँकर (एका जागी पक्के बसवलेले बोर्ड) लावले. दोन्ही अँकर ओळींच्या तोंडाशी, कारण लाइट तिकडेच आहे. ट्रॅक्टर ओळीच्या सुरुवातीला असला की ओळ बरोबर येते. मध्यावर गेला की शेजारच्या ओळीत उडी मारतो. शिवाय पाऊस झाल्यावर कधीकधी अंतर अचानक दोन-तीन मीटर जास्त येतं. कमी कधीच येत नाही.

---

लहरी

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच घेऊ.

पहिली भूमितीची. अँकर ओळीच्या तोंडाशी आहे, ट्रॅक्टर ३० मीटर आत. तो शेजारच्या ओळीत गेला, म्हणजे २.७ मीटर बाजूला. अँकरपासूनचं अंतर किती बदललं? पायथागोरस लावा: ३० चं झालं ३०.१२. फक्त १२ सेंटीमीटर! तुमची मोजणीच दहा-पंधरा सेंटीमीटर हलते, मग ओळ कशी ओळखणार? तोच अँकर बागेच्या बाजूच्या बांधावर, ओळींना काटकोनात ठेवा. ट्रॅक्टर त्याच्या समोर असेल तेव्हा एक ओळ बदलली की अंतर पूर्ण २.७ मीटरने बदलतं. तुम्हाला ओळीतली जागा ढोबळ कळली तरी चालेल, ओळ मात्र पक्की हवी. मग अँकर दोन्ही बाजूंच्या बांधांवर, लांबीच्या मध्याजवळ हवेत. लाइट नसेल तर छोटं सोलर पॅनल लावा. चिप बदलून जे मिळणार नाही ते इथे खांब हलवून मिळेल.

दुसरी पावसाची. अंतर जास्त येतं, कमी येत नाही, हे तुम्ही टिपलंत ते फार कामाचं आहे. ओल्या पानांनी सरळ येणारी लहर इतकी अशक्त होते की चिपला ती दिसतच नाही. मग अँगलवरून फिरून आलेल्या लहरीलाच ती पहिली समजते. फिरून आलेला रस्ता सरळ रस्त्यापेक्षा लांबच असणार. म्हणून इथे सरासरी काढू नका. थोड्या मोजण्या गोळा करून त्यांतला खालच्या बाजूचा आकडा घ्या. अगदी सर्वांत लहान नको, गोंगाटाने एखादा खाली घसरलेला असतो.

चिप तुम्हाला आणखी एक खूण देते: पहिल्या लहरीची ताकद आणि एकूण मिळालेली ताकद. दोन्हींत ६ डेसिबलच्या आत फरक असेल तर बहुधा सरळ दिसतंय. १० च्या वर गेला तर मध्ये काहीतरी आडवं आहे. अशा मोजणीवर भरवसा कमी ठेवा.

आणि ट्रॅक्टरवरची अँटेना काठीवर चढवा. वायमध्ये ती कॅनोपीच्या (पानांच्या पसाऱ्याच्या) वर निघू शकते, अँकरही तेवढेच उंच ठेवा. मांडवात उलट करा, दोन्ही पानांच्या छपराखाली आणा. तिथे खोडं सोडली तर आडवं मोकळंच असतं.

---

गोदाकाठ

पुन्हा अवांतर. सिंहस्थ जवळ आलाय. गर्दीत हरवणाऱ्या मुलांच्या मनगटावर हेच लावता येईल का? रामकुंडावर चार अँकर आणि झालं?

---

सर्किट_सातपूर

@गोदाकाठ, तिथे पानांऐवजी माणसं आडवी येतील, आणि माणूस म्हणजे ओल्या पानापेक्षा दाट. या फ्रिक्वेन्सीला शरीर चांगलंच अडवतं. मनगटावरचा टॅग तर गर्दीच्या बरोबर मधोमध, कंबरेच्या उंचीवर. शिवाय हजारो टॅग एकाच वेळी बोलायला लागले तर पॅकेटं एकमेकांवर आपटतील. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

बागवान_दिंडोरी

अँकर दोन्ही बांधांवर हलवले, बांबूवर, कॅनोपीच्या वर. वायच्या भागात आता ओळ उडी मारत नाही. ट्रॅक्टर वळताना टोकाशी थोडं गोंधळतं, पण तिथे फवारणी बंदच असते, त्यामुळे हरकत नाही. ब्लोअरच्या प्रेशर लाइनवर एक स्विच बसवून औषध चालू आहे की बंद तेही नोंदवायला घेतलंय.

ट्रॅक्टरवाल्याला नकाशा दाखवला. त्याने बघितलं आणि म्हणाला, आता डिझेलचंही लिहून ठेवा.

मांडवाचा भाग बाकी आहे. तिथे खोडांच्या रांगेतून बाजूच्या बांधापर्यंत सिग्नल कसा जातो ते पाहून लिहितो. @लहरी, खालच्या बाजूचा आकडा म्हणजे साधारण कितवा घेऊ?

---

लहरी

दहा मोजण्या घेत असाल तर लहानाकडून तिसरा घेऊन बघा. ट्रॅक्टर चालता आहे हे विसरू नका. दहा मोजण्या एका सेकंदाच्या आत उरका, नाहीतर तो तेवढ्यात मीटर-दोन मीटर पुढे गेलेला असेल.

---

शंकासुर

कोड कुठे टाकलाय का? आमच्याकडे पिंपळगावला हीच रड आहे.

---

बागवान_दिंडोरी

@शंकासुर, व्यनि केला आहे. अँटेना डिलेचे आकडे माझ्या बोर्डांचे आहेत, तुमचे काढून घ्या.